खोली लहान, हौस मोठी: बुकशेल्फ, फ्लोअरस्टँडर की ॲक्टिव्ह?

माझी पहिली मोठी खरेदी म्हणजे मीटरभर उंचीच्या फ्लोअरस्टँडर स्पीकरांची जोडी. ऐसपैस दालनात ती ऐकली तेव्हा तानपुऱ्याचा खर्ज पोटात जाणवला आणि माझा निर्णय तिथेच झाला. घरी आणून ४ मीटर बाय ३ मीटरच्या खोलीत, जागा वाचावी म्हणून दोन कोपऱ्यांत उभी केली. डग्ग्याची प्रत्येक थाप रिकाम्या पिंपावर मारल्यासारखी घुमायला लागली. मी आधी वायर बदलली, मग ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बदलला. घुमणं जागच्या जागी. दोष खोलीचा होता, आणि खोली न मोजता स्पीकर आणणाऱ्या माझा.

तेव्हापासून कुणी 'कोणते स्पीकर घेऊ?' असं विचारलं की मी आधी टेप घेऊन खोली मोजायला सांगतो. समोर ढोबळ तीन पर्याय असतात. स्टँडवर ठेवायचे लहान बुकशेल्फ स्पीकर आणि वेगळा ॲम्प्लिफायर. जमिनीवर उभे राहणारे फ्लोअरस्टँडर आणि वेगळा ॲम्प्लिफायर. किंवा ज्यांच्या पोटातच ॲम्प असतो असे ॲक्टिव्ह स्पीकर, बहुधा बुकशेल्फच्याच आकाराचे.

लहान की उंच

आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की कोणत्या कंपनसंख्येला खोली स्वतःच सूर धरते ते कळतं. ४ मीटरसाठी हा आकडा ४३ हर्ट्झ येतो, ३ मीटरसाठी ५७. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर असते, म्हणजे हा नेमका संगीताचा तळ आहे. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असेल तर तिन्ही घुमणी एकाच आकड्यावर येऊन बसतात. चौकोनी डब्यासारखी खोली सगळ्यात वाईट ती यामुळे.

फ्लोअरस्टँडर सहज ३५-४० हर्ट्झपर्यंत उतरतो, म्हणजे लहान खोलीच्या दुखऱ्या नसेवरच बोट ठेवतो. बुकशेल्फ साधारण ५५-६० हर्ट्झच्या आसपास दमायला लागतो. कागदावर ही त्याची उणीव, पण ४ बाय ३ च्या खोलीत तीच त्याची सभ्यता ठरते. खोली ६ मीटर लांब असेल तर पहिलं घुमणं २९ हर्ट्झपर्यंत खाली सरकतं, स्पीकर भिंतीपासून पुढे आणायला जागा मिळते, आणि मग उंच स्पीकरचा बेस ऐकण्याजोगा होतो. एवढी जागा असूनही बुकशेल्फ घेणाऱ्याला आवाज थोडा पातळ वाटेल, हेही तितकंच खरं.

उंच स्पीकर म्हणजे मोठा आणि लहान स्पीकर म्हणजे 'तात्पुरता' हा समज मात्र सोडावा. एडगर विल्चर यांनी १९५४ साली एआर-१ हा स्पीकर आणला. त्यात पूर्ण बंद डब्यातली हवाच वूफरला (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याला) स्प्रिंगसारखी आवरते, आणि तेव्हाच्या कपाटाएवढ्या स्पीकरांचा बेस शेल्फवर मावेल अशा खोक्यातून निघाला. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमधल्या अरुंद जागेसाठी एलएस३/५ए तयार केला. तो जेमतेम ३० सेंटिमीटर उंच आहे, खोल बेस नाही, जोरात वाजत नाही, आणि माणसाचा आवाज कसा ऐकू यावा याचं उदाहरण म्हणून लोक आजही त्याचंच नाव घेतात.

बंद डबा आणि पोर्टवाला (हवेसाठी भोक ठेवलेला) डबा यांतला फरक लहान खोलीत ठळक ऐकू येतो. बंद डब्याचा बेस खालच्या टोकाला सावकाश उतरतो, ऑक्टेव्हमागे (सप्तकामागे) सुमारे १२ डेसिबल. पोर्टवाला जास्त खाली जातो, पण त्यानंतर कडा तुटल्यासारखा २४ डेसिबलने कोसळतो. भिंतीची जवळीक बेस वाढवते आणि बंद डब्याचा सावकाश उतार ती वाढ छान भरून काढते. स्पीकर भिंतीजवळच ठेवावे लागणार असतील तर मी बंद डबा शोधतो. पोर्टवाला घेतलाच असेल तर पोर्टात फोमचा बोळा घालून बघायला हरकत नाही. दिसायला जुगाड, पण बरेच उत्पादक असे बोळे स्वतःच देतात.

ॲम्प वेगळा की पोटात

वेगळा ॲम्प घेणारे लोक वॅट मोजत बसतात. मोजायची गोष्ट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी आहे: ठरावीक विद्युतदाबावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल. ८४ डेसिबलच्या लहान स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतकं वाजायला चौपट वॅट लागतात, कारण दर दुपटीला पदरात पडतात फक्त ३ डेसिबल. म्हणूनच ५० ऐवजी ६० वॅटचा ॲम्प घेणं म्हणजे एका डेसिबलपेक्षाही कमी फरकासाठी पैसे मोजणं. सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यात एक मेखही आहे. मोजणीला वापरलेले २.८३ व्होल्ट ८ ओहमच्या स्पीकरला १ वॅट देतात, ४ ओहमच्या स्पीकरला २. त्यामुळे ४ ओहमचा '८८' प्रत्यक्षात १ वॅटला ८५ असतो, आणि ॲम्पवर भार जास्त पडतो तो वेगळाच. अशा स्पीकरला ४ ओहमवर चालवता येतो असं स्पष्ट लिहिलेला ॲम्पच जोडावा.

ॲक्टिव्हमध्ये ही जुळवाजुळव कारखान्यातच झालेली असते. पण नावाला भुलू नये. पुष्कळ स्पीकर फक्त 'पॉवर्ड' असतात: एका डब्यात दोन्ही बाजूंचा ॲम्प, दुसरा डबा वायरने जोडलेला, आणि आत नेहमीचाच क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे-खालचे सूर वेगळे करणारं सर्किट. त्यात वाईट काही नाही, एक खोकं वाचतं. खऱ्या ॲक्टिव्हमध्ये सिग्नल ॲम्पच्या आधी विभागला जातो आणि वूफरला व ट्वीटरला (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याला) स्वतंत्र ॲम्प मिळतो. त्यामुळे वूफरवर ॲम्पची पकड थेट राहते, आणि आत डीएसपी (सिग्नलवर प्रक्रिया करणारी डिजिटल चिप) असेल तर भिंतीजवळ ठेवल्यावर बेस कमी करायची सोयही सापडते. लहान खोलीसाठी ही सोय मला कुठल्याही वॅटेजपेक्षा मोलाची वाटते.

तोटे सरळ आहेत. खऱ्या ॲक्टिव्हला बहुधा दोन्ही डब्यांपाशी विजेचा प्लग लागतो. स्टुडिओसाठी बनवलेल्या काही जोड्यांच्या ट्वीटरमधून शांततेत बारीक 'स्स्स' येतो. टेबलावर हाताच्या अंतरावर तो जाणवतो, सोफ्यावरून नाही. आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं की अख्खा स्पीकर दुरुस्तीला. साध्या पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेल्या) स्पीकरमध्ये म्हातारं होणारं फारसं काही नसतं. फोमची कड झिजते, ती बदलता येते, आणि वीस वर्षांत ॲम्प तीनदा बदलला तरी डबे तेच राहू शकतात. ज्याला हळूहळू एकेक वस्तू बदलत राहायची हौस आहे, त्याने ॲक्टिव्ह घेऊच नये. त्याचा खेळच संपतो. ज्याला संध्याकाळी बटण दाबून गाणं ऐकायचं आहे, त्याने वेगळ्या ॲम्पच्या वाटेला का जावं, हे मला कळत नाही.

टर्नटेबल असेल तर दोन्हीकडे एकच तपासणी: फोनो इनपुट (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल घेणारी जोडणी) आहे का? नसेल तर वेगळा फोनो प्रीॲम्प लागतो. टीव्हीही जोडायचा असेल तर ब्लूटूथ टाळावं, कारण ओठ आणि शब्द यांचा मेळ बिघडतो. ऑप्टिकल किंवा एचडीएमआयची जोडणी बघावी.

वायरबद्दल थोडक्यात. १.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरचा ५ मीटरच्या जाण्यायेण्याला मिळून रोध सुमारे ०.११ ओहम. ८ ओहमसमोर तो दखल घेण्याजोगा नाही. उरलेले पैसे स्टँडला द्या.

ठेवायचे कुठे

खरी सुधारणा इथे होते, आणि ती फुकट आहे. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण. ट्वीटर कानाच्या उंचीला. स्पीकर किंचित आत वळवलेले. फ्लोअरस्टँडरची उंची कारखान्यातच ठरलेली असते, बुकशेल्फला मात्र चांगला स्टँड हवा, त्यामुळे 'बुकशेल्फ जागा वाचवतो' हे अर्धसत्य आहे. जमिनीवर दोघंही जवळपास सारखीच जागा खातात. नावाप्रमाणे पुस्तकांच्या फळीवर खोचून ठेवलात तर जागा वाचेल, आवाज कोंदट होईल.

मागच्या भिंतीचं अंतर जरा विचित्र वागतं. स्पीकरचा पुढचा चेहरा भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारा आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खोडतो, आणि पुरुषी आवाजाचा भरीवपणा तिथेच असतो. १.२ मीटरवर हा खड्डा ७१ हर्ट्झला जातो. अगदी चिकटवून ठेवल्यास तो इतका वर सरकतो की तिथे स्पीकरचा आवाज मागे फारसा जातच नाही. म्हणून एकतर पुरते पुढे आणा, नाहीतर भिंतीलगत ठेवून बेस थोडा कापा. मधलं अंतर बहुतेकदा फसतं. फ्लोअरस्टँडर पुढे आणले तरच शोभतात, ॲक्टिव्ह भिंतीलगत निभावतात. कोपरे शक्यतो टाळावेत. पॉल क्लिप्श यांचा १९४६चा क्लिप्शहॉर्न कोपऱ्यासाठीच बनलेला आहे, पण तो कोपऱ्याच्या भिंतींना आपल्या कर्ण्याचा भाग मानतो. तुमचा स्पीकर तसा नाही.

तुमची खुर्चीही यंत्रणेचाच भाग. मागच्या भिंतीला टेकून बसलात की बेस फुगतो, खोलीच्या बरोबर मधोमध बसलात की पहिल्या घुमण्याचा सूर गायब होतो. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर बसून बघा. पडदे आणि जाजम वरच्या सुरांचा खणखणाट शोषतात. बेसला त्यांचा काही धाक नसतो.

बुकशेल्फच्या जोडीला सबवूफर (फक्त बेस वाजवणारा वेगळा डबा) हा चौथा पर्याय म्हणावा इतका महत्त्वाचा आहे. ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडे दिलं की बेस कुठे ठेवायचा आणि स्टिरिओ कुठे ठेवायचा हे दोन प्रश्न सुटे होतात, जे फ्लोअरस्टँडरमध्ये कधीच होत नाही. त्याची जागा शोधायची रीत गमतीची आहे: सबवूफर तुमच्या खुर्चीवर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात एकसारखा ऐकू येईल तिथे तो ठेवायचा. घरच्यांनी पाहिलं तर काय म्हणतील त्याची तयारी ठेवा.

मग कोणी काय घ्यावं

खोली १५ चौरस मीटरच्या आत असेल आणि वस्तू कमी हव्या असतील तर ॲक्टिव्ह, बेस कापायची सोय असलेले. तेवढ्याच खोलीत हळूहळू बदल करत राहायचे असतील तर बंद डब्याचे बुकशेल्फ, ८ ओहमचे, आणि ५० वॅटच्या आसपासचा साधा ॲम्प, सबवूफर नंतर. २५ चौरस मीटरच्या पुढे, आणि स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे राहतील याची खात्री असेल तर फ्लोअरस्टँडर बिनधास्त. मधल्या आकारात मी आजही बुकशेल्फ आणि सबवूफरलाच मत देतो.

ऐकून निवडताना दोन्ही जोड्या एकाच पातळीवर लावायला सांगा. एखाद-दुसऱ्या डेसिबलने जास्त वाजणारा स्पीकर 'जास्त मोकळा' वाटतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. परत करायची मुभा असेल तर घरीच ऐका. आणि घरी जोडल्यावर पहिल्या दिवशी एकच आवाज असलेलं काहीतरी लावा, बातम्या चालतील. निवेदकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून, हवेतून यायला हवा. तो पसरट आणि दिशाहीन वाटला, बेसही कुठे हरवल्यासारखा झाला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्या आहेत. माझ्या दुसऱ्या जोडीच्या तारा चार दिवस तशाच होत्या, आणि त्या चार दिवसांत मी तिसरी जोडी बघायला लागलो होतो.