तैमूरच्या दरबारातले दोन पट

समरकंदच्या दरबारात बुद्धिबळाचे दोन खेळ चालत. एक नेहमीचा शतरंज: ६४ घरं, प्रत्येकी १६ मोहरी. दुसरा तैमूरला प्रिय असलेला मोठा पट: दहा आडव्या रांगा, अकरा उभ्या, शिवाय दोन्ही कडांना एकेक किल्ला, म्हणजे ११२ घरं आणि प्रत्येकी २८ मोहरी.

शतरंजातला वजीर बिचारा तिरपा एकच घर चाले. हत्ती तिरपी दोन घरं उडी मारी, त्यामुळे अख्ख्या पटावरची आठच घरं त्याच्या वाट्याला येत. (आपण ज्याला उंट म्हणतो, त्याच्या जागी तो उभा असे.) खेळ संथ, पण नेटका.

मोठ्या पटावर जिराफ आहे, उंट आहे (आपल्या उंटाहून वेगळा), वेढ्याचं यंत्रही आहे. मला सर्वात आवडतात ती प्यादी. अकराही वेगळी! घोड्याचं प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की घोडाच होतं, राजाचं प्यादं राजपुत्र. हरायला आलेला राजा शत्रूच्या किल्ल्यात शिरला तर डाव बरोबरीत सुटतो.

शिकायला शतरंजच बरा. मोठ्या पटावर प्रत्येक प्याद्याचं कूळ लक्षात ठेवावं लागतं. तरी निवड करायची तर मी मोठाच पट मांडेन. जन्मभर वेढे घालणाऱ्या माणसाची नजर त्यात दिसते.

शाहरुख हे तैमूरच्या मुलाचं नावही पटावरचंच: एकाच चालीत राजाला शह आणि रुखावर (आपण ज्याला आज हत्ती म्हणतो, त्यावर) मारा. असा डाव चालू असतानाच जन्माची बातमी आली, असं सांगतात.