राजारामपुरीतला उच्चारांचा क्लास: इंग्रजी शिकवणाऱ्यांनी जरूर करावा

करवीर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी पाचवीला इंग्रजी शिकवते. राजारामपुरीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवारी भरणारा हा क्लास नुकताच संपवला. फाडफाड इंग्रजीचे क्लास कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. इथं फक्त उच्चार शिकवतात आणि जीव तोडून शिकवतात.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जोडशब्दांच्या तासांचा. 'ग्रीन'वर जोर दिला की रोपं वाढवायचं ग्रीनहाऊस, आणि 'हाऊस'वर दिला की नुसतं हिरव्या रंगाचं घर. मराठीत जोर इकडचा तिकडे गेला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळं आपल्या कानाला हे चटकन जाणवतच नाही. मॅडम प्रत्येकाच्या हातात जाड रबरबँड देतात. जोराच्या सिलॅबलला, म्हणजे शब्दातल्या एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला, तो ताणायचा, बाकीच्यांना सैल सोडायचा. टूथब्रश, एअरपोर्ट, बुकशॉप: तिन्हींत पहिल्यालाच ताण. बोटांना कळलं की जिभेलाही कळतं, हे मी माझ्या वर्गातल्या मुलांवर करून पाहिलंय.

सिलॅबल तोडतानाही आधी दोन शब्दांचा सांधा शोधायला लावतात. रात्रीचा दर या अर्थाचा 'नाइट-रेट' म्हणताना 'ट' तिथंच थांबतो. खतातल्या 'नायट्रेट'मध्ये मात्र 'ट्र' एकत्र येतो. ऊसपट्ट्यातल्या मुलांना हे उदाहरण लगेच पटलं. काही शब्दांत सांधा पार बुजलाय. 'कपबोर्ड'मधला 'प' गळाला, 'बोर्ड' आखडला आणि उरलं 'कबड'.

'ॲपल केक'मध्ये जोर ॲपलवर, 'ॲपल पाय'मध्ये मात्र पायवर. 'ऑक्सफर्ड स्ट्रीट'मध्ये ऑक्सफर्डवर, 'ऑक्सफर्ड रोड'मध्ये रोडवर. मी कारण विचारलं, तेव्हा मॅडमनी ओढूनताणून नियम काढला नाही. "रूढी आहे, डिक्शनरी बघायची सवय लावा," म्हणाल्या. जोराच्या सिलॅबलच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, ती वाचायला शिकवली. एवढ्यासाठीसुद्धा फी वसूल.

खटकलं ते एकच. संध्याकाळच्या बॅचला रस्त्यावरचे हॉर्न इतके, की मागच्या बेंचवर रेकॉर्डिंग नीट ऐकू येत नाही, आणि या विषयात ऐकणंच तर सगळं आहे. रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठवावीत, असं मी मॅडमना सांगितलंय. तोवर सकाळची बॅच घ्या आणि पुढं बसा.