थ्री फेज जोडणीचा रिव्ह्यू: तीन स्टार, त्यातले दोन वायरमनचे

हॉटेलचे, मोबाईलचे, मिक्सरचे रिव्ह्यू सगळे टाकतात, विजेचा कुणी टाकत नाही. लोक म्हणतात दुसरी कंपनी घ्यायचा ऑप्शनच नाही तर लिहून काय उपयोग. मला वाटतं म्हणूनच लिहावं, हॉटेल आवडलं नाही तर माणूस शेजारच्यात जातो, इथे जायचं कुठे? ऑफिसचं नाव घालत नाही, कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाहीये.

तर आमचं युनिट छोटं आहे, रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावात. एप्रिल-मे आंब्याचा पल्प, त्याला लागूनच कोकमाचं आगळ आणि आमसुलं, पावसानंतर फणसाचे, केळ्याचे वेफर्स. कामाला गावातल्याच बायका. आधी सिंगल फेजवर चाललं होतं, पण पल्पर मोठा घेतला आणि डीप फ्रीज वाढले तेव्हा थ्री फेजला (मोठ्या मोटरसाठी तीन तारांतून वीज देणारी जोडणी) पर्याय उरला नाही.

अर्ज ऑनलाईन झाला, हे खरंच चांगलं आहे. पूर्वी कागद घेऊन टेबलं फिरायला लागायची, आता घरी बसून कागदपत्रं अपलोड केली की अर्ज नंबर मोबाईलवर येतो. पुढची गंमत मात्र जुनीच. सर्व्हे झाला, लोड बघितला, मग कळलं की आमच्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड फुल्ल आहे, लाईन वाढवायला लागेल, पोल शिल्लक नाहीत, आले की कळवतो. साहेब बोलायला एकदम नीट, चहासुद्धा पाजला, पण तारीख काय मिळेना. "होईल हो ताई, सीझनच्या आधी होईल." सीझन कुठला ते बोलले नाहीत.

आता नियम काय आहे ते ऐका, कारण अर्ध्या लोकांना माहीतच नसतो. 2003 च्या वीज कायद्यात कलम 43 मध्ये लिहिलंय की अर्ज केल्यावर एका महिन्यात वीज द्यायची. 2020 ला ग्राहक हक्कांचे केंद्राचे नियम आले आणि 2024 च्या दुरुस्तीत मुदत आणखी कमी झाली, महानगरात 3 दिवस, नगरपालिकेच्या हद्दीत 7 दिवस, गावात 15 दिवस, आणि डोंगराळ गाव असेल तर 30. वाचून मी खूश, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पण मेख पुढे आहे. लाईन वाढवायची असेल, नवीन डीपी बसवायचा असेल, तर ही मुदत लागू नाही, त्याची मुदत वेगळी आणि लांब. आता कोकणात घरं कशी असतात माहितीय ना, एक वाडी वर टेपावर, एक खाली खाडीला, मध्ये कुणाची तरी कलमाची बाग. पोल न घालता कनेक्शन मिळणारा माणूस इथे सापडायचा कुठे! नियम केलाय सपाटीचा विचार करून, आणि आम्ही राहतो उतारावर.

शेवटी काम हललं ते पत्राने. तारखेसकट लेखी विचारलं की अंदाजपत्रकाचे पैसे भरून झालेत, वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांप्रमाणे (कुठलं काम किती दिवसांत करायचं त्याचे नियम) मुदत कधी संपते ते कळवा आणि उशीर झाला तर भरपाईचं काय. भरपाईची रक्कम अगदी किरकोळ असते, तिच्यात आमच्या बायकांचा एका दिवसाचा चहा पण व्हायचा नाही. पण ती कुणाच्या तरी फाईलवर चढते ना, ते कुणालाच नको असतं. पोल आले, कुठून आले विचारलं नाही.

आता सर्व्हिस चालू झाल्यानंतरची क्वालिटी. इथे दोन भाग करायला लागतील.

मे महिन्यात मुंबईकर येतात, सगळ्यांच्या घरी पंखे, पंप, हल्ली एसी पण, आणि संध्याकाळी व्होल्टेज असं पडतं की ट्यूब नुसती लुकलुकते. थ्री फेजमध्ये एक फेज गेला की मोटर घुरघुरते, प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र) नसेल तर वाइंडिंग जळालंच. पल्प गरम करून डब्यात भरायच्या मधोमध वीज गेली की बायका झाऱ्या हातात घेऊन एकमेकींकडे बघत बसतात, तो लॉट पुन्हा तापवला की रंग काळपट होतो, आणि हापूसच्या पल्पचा रंग गेला की भाव गेला. जनरेटर आहे आमच्याकडे, पण डिझेलवरचं युनिट कंपनीच्या युनिटच्या दुपटीच्या वर पडतं. दर वाढले की पेपरात बोंब होते, मला विचाराल तर आमच्यासारख्याला दरापेक्षा ही खंडित वीज जास्त मारते. वीज कधी जाणार ते आदल्या दिवशी नक्की सांगितलं तरी माझा निम्मा तोटा वाचेल, लॉट सकाळी लावायचा की नाही ते ठरवता येईल.

दुसरा भाग वायरमनचा. पावसाळ्यात लाईनवर फांदी पडली, डीओ (पोलवरचा फ्यूज) उडाला, जम्पर (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटला की हा माणूस रेनकोट घालून, खांद्यावर दोरी, हातात लांब काठी घेऊन अंधारात पायवाटेने चालत जातो, फॉल्ट शोधत. दोन-तीन गावं एकट्याच्या गळ्यात. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं आणि इकडे दापोली-मंडणगडपर्यंत पोल काडीसारखे मोडले, पुढच्या मे मध्ये तौक्ते, तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यातल्या टीमही आल्या होत्या आणि चिखलात पोल खांद्यावरून नेले लोकांनी. स्टार दिलेत ते ह्यांना. ह्यांची संख्या वाढवा, बाकीचं नंतर बघू.

आणि राग येतो तो ह्याचा की ह्या जिल्ह्यात विजेची कमी नाही हो! पोफळीला कोयनेचं वीजघर, कोयना प्रकल्प सगळा मिळून 1960 मेगावॉटचा, पाणी वीज करून वाशिष्ठीत येतं. जयगडला 1200 मेगावॉट. दाभोळचा प्रकल्प तर सगळ्या जगाला माहीत. चांगला हापूस पेटीत भरून मुंबईला आणि घरी डागी, तसलाच प्रकार. वीज मोठ्या टॉवरवरून डोक्यावरून जाते आणि आमची 11 केव्हीची बारकी लाईन आंब्याच्या फांदीला घासून ट्रिप होते.

दाभोळचा विषय निघालाच आहे तर थोडं. एन्रॉन ह्या अमेरिकन कंपनीबरोबर 1992 ला सामंजस्य करार, 1993 ला खरेदी करार, 1995 ला सरकार बदललं आणि तो रद्द, मग परत नव्याने, 1999 ला पहिला टप्पा 740 मेगावॉटचा सुरू, आणि 2001 च्या मे मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली कारण वीज परवडेना, घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे अशी अट. त्यावर्षीच डिसेंबरला एन्रॉन पण बुडाली. आमच्याकडे आजपण कुणी "सुधारणा" म्हटलं की म्हातारी माणसं हेच काढतात, आणि चूक नाही त्यांची. पण एक गोष्ट बघा, तो करार झाला तेव्हा राज्यात वीज नियामक आयोगच नव्हता, तो आला 1999 ला. एवढ्या मोठ्या खरेदीचा हिशोब लोकांसमोर मांडून घेणारं स्वतंत्र कुणी नव्हतं. म्हणून खाजगी की सरकारी ह्या भांडणात मी पडत नाही. 2005 ला मंडळाचे निर्मिती, पारेषण, वितरण असे वेगळे भाग झाले, पाट्या बदलल्या, गावात मात्र अजून सगळे "बोर्डाची लाईट" असंच म्हणतात. मला फरक जाणवला तो मुदत, भरपाई आणि तक्रार मंच ह्या गोष्टी कागदावर आल्या तेव्हा.

बिल. हे सुधारा रे कुणीतरी. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर वीज शुल्क. आमच्याकडचा एक भाचा सीए करतोय, त्याला पण वहन आकार समजावून सांगता आला नाही. (वीज तारेतून तुमच्यापर्यंत आणायचं भाडं आहे ते, बाकी काही नाही.) शिवाय उद्योग आणि दुकानांच्या दरातून शेतीपंपांची सवलत निघते. शेतकऱ्याला स्वस्त वीज द्यायला माझी ना नाही, पण पंप जास्त घाटावर आणि पोट भरतं आमच्या पल्परने, हे काय पटत नाही. सरकारला सवलत द्यायची असेल तर पैसे आगाऊ कंपनीकडे भरावेत असं त्या 2003 च्या वीज कायद्यातच कलम 65 मध्ये आहे. तसंच पूर्ण झालं तर छोट्या युनिटला श्वास घेता येईल.

वीज ग्राहकांचा तक्रार निवारण मंच वापरून बघा. वकील लागत नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो, 60 दिवसांत निकाल द्यायचा असतो, नाही पटला तर वर लोकपाल आहे. गावातल्या एका बर्फवाल्याचं जास्तीचं बिल ह्यातूनच कमी झालं. पण दरवाढीची जनसुनावणी असली की आमच्यासाठी जवळचं ठिकाण नवी मुंबई. रात्रीची गाडी पकडून जायचं, पाच मिनिटं बोलायचं आणि परत, कोण जाणार? एक सुनावणी रत्नागिरीत, एक सिंधुदुर्गात घ्या, हॉल आम्ही झाडून देतो.

स्मार्ट मीटरचं पण सगळे विचारतात. 2021 च्या केंद्राच्या मोठ्या योजनेत, तीन लाख कोटींच्या वरची आहे ती, मीटर आणि लाईनदुरुस्ती दोन्हीला पैसा आहे. माझं मत सरळ आहे, आधी डीपीवर मीटर लावा आणि आमच्या फिडरला (गावांना वीज आणणारी मुख्य लाईन) महिन्यात किती तास वीज नव्हती ते ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहा. राज्याची सरासरी चांगली दाखवून आम्हाला काय करायचंय, पल्प सरासरीवर नाही शिजत. मग माझ्या घरच्या मीटरचं बोला.

तर ऑनलाईन अर्जाला एक स्टार, वायरमनला दोन, बिलाला आणि मे महिन्याच्या व्होल्टेजला शून्य. नवीन युनिट टाकणाऱ्यांनी अर्ज दिवाळीच्या आत करा, जानेवारीत केलात तर आंबा तुमची वाट बघत नाही. फेज प्रिव्हेंटर आणि अर्थिंग स्वतःच्या पैशाने चांगलं करून घ्या, समुद्राच्या खाऱ्या हवेत अर्थिंगची पट्टी लवकर सडते, दरवर्षी पावसाआधी उघडून बघा. आणि साहेबांशी जे बोलणं होईल ते त्याच दिवशी ईमेलवर पण टाका, फोनवरची तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही.