स्पूल फाइलपुढे ५ कोण दाबतो? आउटक्यूच्या परवानग्या, आठ महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये आमच्या मरोळच्या ऑफिसात डिस्पॅचच्या पोराने हिरव्या स्क्रीनवर प्रिंटसाठी थांबलेल्या फाइलींच्या यादीत (फाइल ती स्पूल फाइल, तिची रांग ती आउटक्यू) एका ओळीपुढे ५, म्हणजे ‘उघडून दाखव’, टाकून एंटर मारला आणि अख्खं इन्क्रिमेंट रजिस्टर उघडलं. चलान शोधत होतो, असं तो अजून म्हणतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाला किती वाढले हे चहावाल्यालाही ठाऊक.

तेव्हा मी मशीनला शिव्या घातल्या. १९८८ सालची, आयबीएमच्या एएस फोर हंड्रेड कॉम्प्युटरची जात (त्यातल्या सिस्टीमचं नाव २००८ पासून आयबीएम आय, पण आमच्याकडे कोण म्हणतंय), हे खोकं काय गुपितं राखणार! एएमसीवाल्याने (वार्षिक देखभालीचा ठेकेदार) संधी साधून कार्ड टॅप करून प्रिंट सोडायचं सॉफ्टवेअर पुढे केलं, माणशी लायसन्स. आकडा बघून कोटेशन फाइलला लावलं आणि एफ१ दाबून हेल्प वाचायला बसलो. ती फुकट आहे.

दोष माझाच निघाला. आउटक्यू बनवताना नुसता एंटर मारला तरी ‘डिस्प्ले डेटा’ नो असतं, म्हणजे दुसऱ्याची फाइल उघडता येत नाही. पण सोबत ‘ऑपरेटर कंट्रोल’ यस असतं, आणि ज्याच्या प्रोफाइलला (म्हणजे लॉगिनला) जॉब कंट्रोल, म्हणजे इतरांची कामं आणि प्रिंटिंग हाताळायचा खास अधिकार, आहे त्याला तो नो अडवत नाही. डिस्पॅचला जॉब कंट्रोल मीच दिलेला. डॉट मॅट्रिक्समध्ये कागद अडकला की राइटर (क्यूतल्या फाइली छापणारा प्रोग्राम) बंद-चालू करायला रात्री अकराला मला फोन, म्हणून कंटाळून देऊन टाकला होता.

मग ‘डिस्प्ले डेटा’ला ओनर केलं, म्हणजे ज्याची फाइल त्यानेच उघडायची. एका कमांडचं काम, खर्च शून्य. आता डिस्पॅचवाले फाइल होल्ड करतात, रिलीज करतात, डिलीटही करतात, पण ५ दाबला की नकार. जून-जुलैत मी या सेटिंगचं इतकं कौतुक केलं की बायको म्हणाली, तिच्याशीच लग्न करायचं होतंत.

ऑगस्टमध्ये नशा उतरली. पगार गणपतीच्या आधी करायचा होता. पेरोलच्या मॅडमनी रजिस्टर स्पूलला टाकलं आणि त्या कोकणात गेल्या. गावी रेंज नाही. साहेबांना एक पान बघायचं होतं, पण ओनर म्हणजे ओनर, म्हणजे मॅडम. साहेब म्हणाले, ‘‘कंपनी माझी आणि रजिस्टर मलाच दिसेना?’’ शेवटी मी माझ्या लॉगिनने उघडून दिलं (मला कसं उघडलं, ते शेवटी).

त्याहून मोठी डोकेदुखी वेगळीच. फाइल उघडत नसली तरी आउटक्यूच्या यादीत तिचं नाव, युजर आणि पानांची संख्या दिसते. पेरोलच्या रजिस्टरची पानं मागच्या महिन्यापेक्षा दोनने कमी, एवढ्यावर डिस्पॅचमध्ये कुणाकुणाला काढणार याची यादी तयार. खरं कारण, मॅडमनी रिपोर्टमधून सोडून गेलेल्यांची नावं वगळली होती. तीन दिवस मला लिफ्टमध्ये लोक अडवत होते. माझ्या मते या सगळ्यात वाईट गोष्ट ही पानसंख्याच. पगाराचा आकडा एक वेळ फुटलेला परवडला.

म्हणून सप्टेंबरमध्ये पेरोलची आउटक्यू वेगळी केली. पब्लिकला एक्सक्लूड (बाकी सगळ्यांना मज्जाव), ‘ऑपरेटर कंट्रोल’ नो, ‘डिस्प्ले डेटा’ परत नो, आणि ‘ऑथॉरिटी टू चेक’ला ओनरऐवजी डेटा ऑथॉरिटी, म्हणजे क्यूचा मालक कोण हे न बघता क्यूवर कुणाला कोणते हक्क आहेत ते बघायचं. क्यूवर रीड, ॲड, डिलीट हे तिन्ही फक्त मॅडम आणि साहेबांना. यातलं एक जरी राहिलं तरी दुसऱ्याची फाइल उघडत नाही. साहेबांना ॲड द्यायचं विसरलो तेव्हा हे कळलं. चलानाच्या क्यूला मात्र ‘डिस्प्ले डेटा’ ओनरच ठेवलंय, तिथे ते झकास चालतं.

हे सगळं स्पूलमध्ये असेपर्यंत. पँट्रीजवळच्या ट्रेमध्ये कागद पडला की तो ज्याच्या हातात त्याचा. त्यावर उपाय म्हणून रजिस्टर निघताना मॅडम स्वतः प्रिंटरपाशी उभ्या राहतात.

राहिला स्पूल कंट्रोल, म्हणजे सगळ्यांच्या स्पूल फाइलींवरचा खास अधिकार. तो ज्याच्याकडे आहे त्याला वरचं एकही सेटिंग अडवत नाही. शोधलं तर तीन प्रोफाइलना होता: क्यू-सेक-ऑफर (मशीनचं सर्वोच्च प्रोफाइल), मी आणि एएमसीवाला. एएमसीवाल्याचा त्याच दिवशी काढला, त्याला अजून पत्ता नाही. साहेबांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे तुला सगळ्यांचं दिसतं?’’ हो म्हणालो. तेव्हापासून साहेब महत्त्वाची पत्रं घरून प्रिंट काढून आणतात.