आठवण म्हणून ठकी घ्यावी की पोर्सेलीनची बाहुली?

पुढच्या पिढीकडे जाईल अशी हातानं घडवलेली बाहुली भाचीसाठी घ्यायची होती. सावंतवाडीची लाकडी ठकी, की जर्मन धाटणीची बिस्क, म्हणजे बिनचकाकीच्या पोर्सेलीनची बाहुली? दोन्ही आमच्या घरात नांदल्या आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

मूल लहान असेल आणि खेळणार असेल, तर ठकीच घ्या. हलकं लाकूड, हात अंगालाच धरून, पडली तरी फार तर कोपरा दबतो. शिवाय सावंतवाडीतल्या चितारआळीत जाऊन आपल्या डोळ्यांनी निवडता येते.

पोर्सेलीनच्या बाहुलीची देखभाल जास्त. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या जुन्या बाहुल्यांपैकी बऱ्याच जणींचं डोकं तेवढं पोर्सेलीनचं, अंग भुसा आणि सरसाच्या लगद्याचं. ते कोकणातल्या पावसाळ्याला मानवत नाही. हातपाय आतल्या इलॅस्टिकनं ताणून धरलेले असतात. ते विरलं की सगळा सांगाडा सैल पडतो. आपल्या हवेत कापडी अंगाची बरी, असं मला वाटतं. जुनी घेत असाल तर केसांचा टोप काढून पोकळ डोक्यात बॅटरीचा उजेड टाकून बघा, बारीक तडा असेल तर तिथंच दिसतो.

इतकं असूनही माझं मन पोर्सेलीनकडे झुकलं, ते ठकीच्या चेहऱ्यामुळे. दमट हवेत लाकूड फुगतं, आक्रसतं आणि वरच्या रंगाचे पोपडे निघतात. आमच्या आजीच्या ठकीचं नाक आधी गेलं, मग एक डोळा. शेवटी ती रंगवून आणली. काम सुबक होतं, पण डोळे रंगवणाऱ्याच्या हातचे आले. आईनं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे गं बाई, पण ही आमची नव्हे." ते मला फार लागलं. आठवण म्हणून जपायची, आणि नेमका चेहराच बदलायचा?

बिस्कवर रंगाचे पातळ थर देऊन ते पुन्हा भट्टीत भाजतात, त्यामुळे गालाची लाली कायमची बसते. इलॅस्टिक बदला, टोप बदला, झगा नवा शिवा. पणजीनं पाहिलेला चेहरा पणतीलाही तोच दिसतो.

फुटली तर मात्र इलाज नाही. म्हणून भाची जरा मोठी झाल्यावर देणार आहे. तोवर खेळायला नवी ठकी दिली आहे, आणि तिचं नाक आत्ताच खरवडलंय.