समुद्री माशांच्या खाऱ्या टाकीचं स्थलांतर: जुनं पाणी न्यावं की नवं बनवावं?

म्हापशाहून मडगावला बिऱ्हाड हलवणारी मैत्रीण याच पेचात आहे. खर्चात जुनं पाणी सरस. नव्याला समुद्री टाकीचं खास मीठ आणि आरओचं पाणी लागतं. कष्टात उलट: २०० लिटर म्हणजे २०० किलोच्या वर ओझं, आणि तिच्या नव्या इमारतीला लिफ्ट नाही!

'माशांची घाण पचवणारे जिवाणू जुन्या पाण्यातच' हे दुकानदारी बोलणं सोडा. ते मुख्यतः टाकीतल्या दगडांवर, वाळूत असतात. दगड ओले ठेवा. वाळू मात्र खाऱ्या पाण्यात धुऊनच घाला. तळातला काळा, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा थर ढवळला तर मासे दगावतात. नव्या पाण्यासाठी पावसाळ्यात मिरामार किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी तर नकोच, मांडवी नदीमुळे खारटपणा उतरलेला असतो.

कोरल (प्रवाळ) असतील तर निम्मं जुनं न्या. नुसतेच मासे असतील तर नवं बनवा, आदल्या दिवशीच. खारटपणा आणि तापमान जुन्याशी जुळवून.