डोअर्स, पोलॅरियन, जिरा की आपली एक्सेल? रिक्वायरमेंट टूल निवडण्याआधी

डेमोमध्ये रिक्वायरमेंट (प्रॉडक्टने काय करायला हवं याचं एकेक लेखी विधान) सांभाळणारी सगळीच टूल्स देखणी वाटतात, कारण डेमोत रिक्वायरमेंट बदलत नाही. प्रोजेक्टमध्ये ती बदलते. "150 मिलिसेकंदांत दिवा लागला पाहिजे" याचं 100 होतं, आणि मग तिच्याखालच्या तीन सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट, एक हार्डवेअरची आणि पाच टेस्ट केस यांपैकी काय पुन्हा तपासायचं हा प्रश्न उभा राहतो. याचं उत्तर टूल देतं, की टीममधल्या कुणाच्या तरी डोक्यात असतं? खालची तुलना या एका प्रश्नाभोवती आहे. रंगीत डॅशबोर्ड सगळ्यांकडेच असतात.

एक्सेल आणि जिरा

लेखक एक आणि रिक्वायरमेंट शे-दोनशे असतील तर एक्सेलला नाक मुरडू नये. ती बिघडते ठरलेल्या जागी. आयडी ओळीच्या क्रमांकावरून फॉर्म्युल्याने काढलेला असतो आणि कुणीतरी सॉर्ट केलं की सगळे आयडी सरकतात. किंवा एकाच सेलमध्ये स्वल्पविराम देऊन सात टेस्ट केस कोंबलेल्या असतात आणि उलट्या दिशेने शोध घेता येत नाही. एक्सेलवरच राहायचं असेल तर आयडी हाताने टाइप करा, रद्द झालेली ओळ पुसू नका (फक्त स्थिती "रद्द" करा) आणि लिंकसाठी वेगळी शीट ठेवा: दोन रकाने, कुठून आणि कुठे, एका ओळीत एकच लिंक. उद्या कुठल्याही टूलमध्ये जायचं झालं तर हीच शीट इंपोर्टला कामी येते.

जिरा (कामांची तिकिटं नोंदवायचं टूल) आधीच सगळ्यांच्या मशीनवर असतं, म्हणून रिक्वायरमेंटही तिथेच टाकायचा मोह होतो. पण तिकीट हे काम असतं, ते बंद होतं. रिक्वायरमेंट प्रॉडक्ट असेपर्यंत लागू राहते. "डन" झालेल्या तिकिटात कुणी मजकूर बदलला तर ते कुणाच्या लक्षात येणार? प्रत्येक तिकिटाचा इतिहास मिळतो, पण "डिझाइन रिव्ह्यूच्या दिवशी पूर्ण संच कसा होता" हे नुसतं जिरा देत नाही. त्यासाठी प्लगइन घ्यावं लागतं, आणि मग तुलना जिराशी नाही, त्या प्लगइनशी करायची.

डोअर्स: जुनं आणि नेक्स्ट

नाव एक असलं तरी ही दोन वेगळी टूल्स आहेत. जुनं डोअर्स डेस्कटॉपवर चालतं; आयबीएमकडे ते 2008 मध्ये टेलिलॉजिक कंपनीबरोबर आलं. हजारो ऑब्जेक्टची (एकेक नोंदीची) मॉड्यूल्स, म्हणजे दस्तऐवज, ते निमूट सांभाळतं आणि डीएक्सएल या त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या स्क्रिप्टने हवं ते करून घेता येतं. हीच त्याची कमजोरीही आहे. स्क्रिप्ट लिहिणारा माणूस गेला की ती कुणाला कळत नाही. व्ह्यूमध्ये डीएक्सएलचे चार-पाच रकाने लावले की मॉड्यूल उघडायला वेळ लागतो, कारण त्यांतलं मूल्य दाखवताना दरवेळी नव्याने काढलं जातं. लिंक खालून वर काढायची, म्हणजे सॉफ्टवेअर रिक्वायरमेंटकडून सिस्टिमकडे. असं केल्यावर खालच्या टीमला वरच्या मॉड्यूलमध्ये लिहिण्याचा हक्क द्यावा लागत नाही. अर्ध्या टीमने उलट काढल्या तर ट्रेसिबिलिटीचे (कोणती रिक्वायरमेंट कशाशी जोडली आहे याचे) आकडे चुकतात, आणि चूक ऑडिटच्या आठवड्यात सापडते.

डोअर्स नेक्स्ट ब्राउझरमध्ये चालतं आणि एकच आर्टिफॅक्ट (रिक्वायरमेंटची नोंद) अनेक मॉड्यूल्समध्ये वापरू देतं. लिंक मॉड्यूलच्या संदर्भात काढली की मूळ आर्टिफॅक्टवर, यात इथे सगळ्यात जास्त घोळ होतो: एका ठिकाणी दिसणारी लिंक दुसरीकडे दिसतच नाही. यापैकी एकच पद्धत पहिल्या दिवशी ठरवा. व्हेरिएंट (प्रॉडक्टचे वेगवेगळे प्रकार) खरोखर नसतील तर स्ट्रीम (संचाच्या समांतर आवृत्त्या) आणि कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या वाटेला जाऊ नका.

पोलॅरियन, कोडबीमर, जामा

टीमला वर्डमध्ये लिहायची सवय असेल तर पोलॅरियन (आता सिमेन्सचं) लवकर अंगवळणी पडतं. परिच्छेद डॉक्युमेंटमध्ये दिसतो, पण आत तो वर्क आयटम, म्हणजे स्वतंत्र नोंद, असतो. मागे सबव्हर्जन (फाइल्सच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) असल्यामुळे इतिहास पक्का राहतो. कोडबीमर 2022 मध्ये पीटीसीने घेतलं. त्यात सगळं ट्रॅकरच्या, म्हणजे एका प्रकारच्या नोंदींच्या यादीच्या, भाषेत चालतं. रिक्वायरमेंट, रिस्क आणि टेस्ट एकाच ठिकाणी हवे असतील तर ते सोयीचं. जामाची जमेची बाजू रिव्ह्यू: टूल न शिकलेला माणूसही कॉमेंट आणि मंजुरी देऊ शकतो.

तिन्हींत वरची रिक्वायरमेंट बदलली की खालच्या लिंकवर "सस्पेक्ट" (पुन्हा तपासा) अशी खूण येते. ती कशामुळे उठावी हे आधी ठरवा. खूण प्रत्येक फील्डच्या बदलाने उठू दिली तर प्राधान्य किंवा मालकाचं नाव बदललं तरी शेकडो खुणा उभ्या राहतात, आणि लोक त्या न वाचता एकगठ्ठा पुसतात. मजकूर, मूल्यांच्या मर्यादा आणि सेफ्टी लेव्हल एवढंच पुरे.

गिटमध्येच ठेवलं तर

सॉफ्टवेअरची लहान टीम असेल तर डोअरस्टॉप पाहा; ते रिक्वायरमेंट गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये, ठेवतं. प्रत्येक रिक्वायरमेंट एक छोटी फाइल असते, लिंकसोबत वरच्या फाइलचा ठसा (मजकुरावरून काढलेला कोड) साठवला जातो आणि तो जुळला नाही की तपासणीत इशारा येतो. बेसलाइन (एका दिवशीचा गोठवलेला पूर्ण संच) म्हणजे गिटचा टॅग, रिव्ह्यू म्हणजे पुल रिक्वेस्ट (बदल मिसळण्याआधी तपासायची विनंती). अडचण दोन ठिकाणी येते: दोन ब्रँचवर (कामाच्या समांतर प्रतींवर) एकाच वेळी नवी रिक्वायरमेंट केली की दोघांनाही तोच पुढचा नंबर मिळतो, आणि मेकॅनिकलची मंडळी गिट उघडत नाहीत. दुसरी अडचण जास्त कठीण.

ग्राहकाशी देवाणघेवाण

ग्राहक रेकिफ (टूल्समध्ये रिक्वायरमेंटची देवाणघेवाण करायचा फाइल फॉरमॅट) फाइल पाठवत असेल तर निम्मी निवड तिथेच होते. हे ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं 2011 पासूनचं स्टँडर्ड आहे, पण "रेकिफ चालतं" या वाक्यावर विसंबू नका. साधा मजकूर नीट जातो. टेबल, जोडलेली चित्रं आणि यादीतून निवडायची फील्ड्स यांत घोळ होतो. ग्राहकाची खरी फाइल आत घ्या, दोन फील्ड्स भरा, परत पाठवा, आणि त्यांच्याकडे जुन्याच ऑब्जेक्टवर उत्तर बसतं की नव्या प्रती तयार होतात हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

चाचणी

स्वतःच्या प्रोजेक्टमधल्या 50 रिक्वायरमेंट आणि 30 टेस्ट केस घ्या, त्यात दोन टेबलं आणि एक आकृती असू द्या. इंपोर्ट करा, लिंक काढा, बेसलाइन घ्या. मग पाच रिक्वायरमेंट बदला, एक रद्द करा, एकीचे दोन तुकडे करा. तुकडे करणं सोडू नका, कारण जुन्या लिंक कोणत्या तुकड्याकडे गेल्या हे बहुतेक टूल्समध्ये हातानेच पाहावं लागतं. आता दोन बेसलाइनमधला फरक मागा आणि तो टूल न वापरणाऱ्या टेस्ट इंजिनिअरला वाचायला द्या.

काम आयएसओ 26262 (गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेचं स्टँडर्ड) खाली असेल तर विक्रेत्याचं टूल सर्टिफिकेट मागाच, पण ते तुम्ही लिहिलेल्या स्क्रिप्ट आणि रिपोर्ट टेम्प्लेटना लागू होत नाही; त्यांची तपासणी आणि नोंद तुमच्याकडेच राहते. आणि करार करण्याआधी इतिहास, लिंक आणि जोडलेल्या फाइल्ससकट सगळं बाहेर काढून पाहा. नुसत्या पीडीएफमधून दुसऱ्या टूलमध्ये जाता येत नाही.